अडीच हजार लेकराच्या नावावर, आईच्या नावावर काय?

संजय गांधी निराधार योजनेतल्या दिव्यांग लाभार्थ्यांचे पैसे ऑक्टोबर २०२५ पासून दीड हजारावरून अडीच हजार झाले. निर्णय जाहीर झाला तेव्हा आमच्या भागात, म्हणजे उत्तर नागपुरात, दोन दिवस व्हॉट्सअॅपवर अभिनंदनाचे मेसेज फिरत होते. त्याच आठवड्यात मी एका घरी गेले. तिथल्या अकरा वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. तो बसू शकत नाही, हाताने खाऊ शकत नाही, पण आईचा आवाज आला की हसतो. पैसे वाढल्याचं मी सांगितलं. ती म्हणाली, "वाढले ते चांगलंच झालं ताई. पण त्याले उचलता उचलता माही कंबर गेली, तिचे पैसे कोन देईन?"

ती तक्रार करत नव्हती, खरोखर विचारत होती. मी तेव्हा काही उत्तर दिलं नाही. नंतर कायदा काढून वाचला तर उत्तर तिथेच छापलेलं होतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. दिव्यांगत्वाचे २१ प्रकार त्यात आहेत, हे आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांना पाठ आहे. त्याच कायद्यात 'काळजीवाहक' या शब्दाचीही व्याख्या आहे. पैसे घेऊन किंवा न घेता दिव्यांग व्यक्तीची देखभाल करणारी कोणतीही व्यक्ती म्हणजे काळजीवाहक, आणि त्यात आईवडील व घरातली माणसं येतात असं स्पष्ट लिहिलं आहे. पुढे कलम २४ सामाजिक सुरक्षेचं आहे. जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्ता, हा मुद्दा त्या कलमात आहे. म्हणजे त्या बाईच्या कमरेची नोंद संसदेने घेतलेली आहे. फक्त कलमाच्या सुरुवातीलाच 'सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी शब्दरचना आहे, आणि गेली आठ-नऊ वर्षं गाडी त्या शब्दांशी अडलेली आहे.

याच कलमात आणखी एक तरतूद आहे. इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के जास्त मदत मिळाली पाहिजे. आपल्या राज्यात मात्र निराधार योजनेत दिव्यांगांना आणि इतरांना सारखेच दीड हजार मिळत होते. रक्कम वाढवण्यासाठी आंदोलनं झाली, उपोषणं झाली, मागणी सहा हजारांची होती. त्यामुळे आता झालेली वाढ ही मेहेरबानी नाही, ती उशिरा आलेली थकबाकी आहे. कार्यकर्त्यांनी स्वागत करावं, पण फलकावर 'आभार' लिहिण्यापूर्वी हे आठवावं.

बरं, हे पैसे तरी किती जणांना? निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे. महिन्याला साधारण ४,१६६ रुपये. नवरा हातगाडी ओढणारा आणि बायको दोन घरची भांडी घासणारी असली तरी त्यांचं उत्पन्न यापेक्षा जास्त होतं. मग दाखला कसा मिळतो हे वाचकांना सांगायला नको. गरिबाला आधी खोटं बोलायला लावायचं आणि मग त्याच खोट्यासाठी त्याला 'बोगस' ठरवायचं, असा हा कारभार आहे. दिव्यांग प्रमाणपत्राचीही तीच गत. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६व्या फेरीत, म्हणजे २०१८ साली, देशातल्या दिव्यांगांपैकी फक्त २८.८ टक्के लोकांकडे प्रमाणपत्र होतं. त्याच पाहणीत सुमारे ६२ टक्के दिव्यांगांना काळजी घेणारं माणूस होतं. ते माणूस कोण, हे आपल्याला घरोघरी दिसतं.

आता त्या आईचा दिवस. मी तो एकदा सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत पाहिला आहे, अभ्यास म्हणून नव्हे, तिच्याकडे दुसरं कोणी नव्हतं म्हणून. मुलाचं शी-शू, अंग पुसणं, कपडे बदलणं यात पाऊण तास जातो. भरवायला पुन्हा पाऊण तास, कारण घास गिळताना ठसका लागतो आणि ठसका छातीत गेला की न्यूमोनिया. दिवसातून तीनदा भरवायचं म्हणजे सव्वादोन तास फक्त घास. हातपाय आखडू नयेत म्हणून व्यायाम. एका कुशीवर फार वेळ राहिला तर जखम होते, म्हणून रात्रीही दर दोन-तीन तासांनी उठून कूस बदलायची. मुलगा आता पंचवीस-सव्वीस किलोचा आहे आणि घर पहिल्या माळ्यावर आहे. जिना लोखंडी आणि उभा. दवाखान्यात जायचं म्हणजे त्याला कडेवर घेऊन उतरायचं, रिक्षावाल्याची मनधरणी करायची, रांगेत उभं राहायचं, आणि तेच सगळं उलट क्रमाने परत. तीन वर्षांपूर्वी ती चार घरची कामं करायची. आता दोनच उरली आहेत. तिसरी दांडी पडली की मालकीण दुसरी बाई बघते.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसतं की घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्या १५ ते ५९ वयाच्या बायका त्यात दिवसाला सव्वादोन तासांच्या आसपास घालवतात आणि पुरुष सव्वा तास. ही सगळ्या प्रकारच्या घरांची सरासरी. वर सांगितलेल्या घरात सव्वादोन तास भरवण्यातच संपतात. सरासरीच्या आकड्यात अशी आई दिसत नाही, आणि जी आकड्यात दिसत नाही ती अंदाजपत्रकातही नसते.

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. हिमाचल प्रदेशातल्या सरकारी महाविद्यालयातल्या एका प्राध्यापिकेला मुलाच्या आजारपणासाठी बालसंगोपन रजा नाकारली गेली होती. मुलाला हाडं ठिसूळ होण्याचा जन्मजात आजार. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने म्हटलं की दिव्यांग मुलाच्या आईला अशी रजा नाकारणं म्हणजे नोकरीत स्त्रियांना समान सहभाग देण्याच्या घटनात्मक कर्तव्याचा भंग. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना सेवाकाळात ७३० दिवसांची ही रजा असते आणि मूल दिव्यांग असेल तर वयाची अट लागत नाही. निकाल उत्तमच आहे. आपल्यातल्या ज्या भगिनी सरकारी नोकरीत आहेत त्यांनी तो हक्काने वापरावा. पण भांडी घासणारी, विडी वळणारी, बांधकामावर विटा वाहणारी बाई कोणत्या साहेबाकडे अर्ज करणार? आरक्षणामुळे नोकरीत गेलेली आपली एक पिढी आणि वस्तीत राहिलेली दुसरी, यांच्यातलं अंतर या एका निकालात मोजता येतं.

२०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, त्यात महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. अनुसूचित जातींमध्ये दिव्यांगांचं प्रमाण २.४५ टक्के होतं, तर अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांमध्ये २.१८ टक्के. फरक आकड्यात छोटा दिसतो, कारणं छोटी नाहीत. बाळंतपणात वेळेवर गाडी न मिळणं, बाळ जन्मल्यावर लगेच न रडणं, कमी दिवसांचं व कमी वजनाचं बाळ, वेळेत उपचार न झालेली कावीळ, मेंदूला चढलेला ताप, यांतून सेरेब्रल पाल्सी होते. सगळीच टाळता येते असं नाही, पण चांगली प्रसूतिसेवा मिळाली तर बरीच टाळता येते. म्हणजे दिव्यांगत्वाचा प्रश्न 'आपल्या चळवळीचा नाही' असं जे काही मित्र म्हणतात, त्यांनी आपल्या वस्तीतली बाळंतपणं कुठे आणि कशी होतात ते पाहावं.

लहान मुलांमधलं व्यंग लवकर ओळखण्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली होती. अंगणवाडीत आणि शाळेत पथक येतं, मूल तपासतं, जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. कल्पना चांगली आहे. अडचण 'पाठवतं' या शब्दात आहे. केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी. फिजिओथेरपी आठवड्यातून दोनदा हवी. पन्नास-साठ किलोमीटरवरून मूल कडेवर घेऊन एसटीने येणाऱ्या बाईला तिकीट अर्धं पडतं हे खरं, पण तिची त्या दिवसाची मजुरी पूर्ण बुडते. चार फेऱ्यांनंतर ती येणं थांबवते आणि कागदावर शेरा पडतो: पालक उदासीन. असा शेरा मी स्वतः एका फाइलवर वाचला आहे. ती आई त्या दिवशी सकाळी साडेचारला घरून निघाली होती.

मुलगा चालताना पडू लागतो, जिना चढताना गुडघ्यावर हात टेकवतो आणि बाराव्या वर्षाच्या आसपास व्हीलचेअरवर येतो, त्या ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आजाराबद्दल वेगळं लिहायला हवं. हा आजार बहुतेक मुलग्यांना होतो आणि दोष असलेला जनुक आईकडून येऊ शकतो. एवढी अर्धी माहिती घरात पोचली की पुढचं सासर ठरवतं. 'तुझ्या माहेरचा रोग'. सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये तो बदल नव्याने झालेला असतो, आईमध्ये नसतोच, हे कोणी सांगत नाही. आणि आई वाहक असली तरी तिने काही केलेलं नसतं. माझ्या ओळखीच्या अशा एका बाईचा नवरा दुसरं लग्न करून मोकळा झाला. सगळे बाप असे नसतात हेही सांगते. रात्रपाळी करून आल्यावर मुलाला पाठीवर घेऊन शाळेत सोडणारा बाप मला माहीत आहे. पण त्याचं वस्तीत कौतुक होतं, पेपरमध्ये फोटो येतो. तेच काम बारा वर्षं करणाऱ्या आईचा फोटो कोणी काढत नाही.

सासरच्या बोलण्याहूनही मला जास्त बोचतं ते आपल्या लोकांचं बोलणं. भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो, रविवारी वंदना, आणि तोंडात 'मागच्या जन्मीचं काहीतरी असेल'. धर्मांतराला सत्तर वर्षं होत आली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते हा सिद्धान्त सरळ नाकारला आहे. असा सिद्धान्त मांडण्यामागे गरीब-दुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकून टाकावी, याशिवाय दुसरा हेतू दिसत नाही, असा त्यांचा रोख आहे. वर्षावासात आपण हा ग्रंथ दरवर्षी वाचतो. त्या पानांवर थांबून, समोर बसलेल्या एखाद्या आईकडे पाहून ते वाचलं जातं का?

दुसरं वाक्य त्याहून गोड आणि त्याहून घातक: 'रमाईसारखी सोस बाई.' रमाईंबद्दल माझ्या मनात काय आहे ते वेगळं सांगत नाही. पण रमाईंनी चार लेकरं गमावली, गरिबीत आणि आजारपणात गमावली, आणि त्या स्वतः २७ मे १९३५ ला गेल्या. त्यांचं आयुष्य म्हणजे बाईने किती सोसावं याचा धडा, असं आपण का मानतो? दवापाण्याविना आणि पोटभर अन्नाविना आईचं काय होतं याचा तो पुरावा आहे. त्यांच्या नावाने एखाद्या बाईला गप्प बसवणं हा त्यांचा गौरव नाही.

बाबासाहेबांना सोसण्याचं कौतुक नव्हतं, त्यांना तरतूद हवी होती. २८ जुलै १९२८ ला मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर ते बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचं हे भाषण आजच्या काळजीवाहक भत्त्याला जसंच्या तसं लागू पडतं. मूल वाढवणं हे घरातलं खासगी काम नाही, समाजाचं काम आहे आणि ते एकटी बाई करत असेल तर तिचा खर्च समाजाने द्यावा.

विनयपिटकातल्या महावग्गात आजारी भिक्खूची गोष्ट आहे. तो आपल्याच मलमूत्रात पडलेला असतो, बुद्ध आणि आनंद त्याला स्वतः धुऊन स्वच्छ करतात. ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पुढचा भाग क्वचित सांगितला जातो. तिथेच बुद्ध शुश्रूषा करणाऱ्यात कोणते गुण हवेत ते सांगतात, आणि आजारी भिक्खू मरण पावला तर त्याचं पात्र आणि चीवर शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावं असा नियम घालून देतात. ज्या संघात कोणाची काही मालमत्ताच नव्हती, तिथे उरलेल्या दोन वस्तूंवर पहिला हक्क सेवा करणाऱ्याचा. सेवा पुण्य म्हणून फुकट घ्यायची नाही, तिची नोंद ठेवायची आणि तिला काहीतरी द्यायचं, हा विचार तेव्हाचा आहे.

केरळने २०१० मध्ये 'आश्वासकिरणम्' ही योजना सुरू केली. अंथरुणाला खिळलेल्या किंवा तीव्र दिव्यांग व्यक्तीची घरी देखभाल करणाऱ्याला महिना ६०० रुपये. रक्कम तुटपुंजी आहे आणि ती वेळेवर मिळत नाही अशा तिथल्याही तक्रारी असतात. तरी सरकारी यादीत आईचं नाव काळजीवाहक म्हणून चढलं, ही गोष्ट लहान नाही. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. मी ज्या तीसेक आयांच्या संपर्कात आहे त्यांतल्या एकीलाही काळजीवाहक म्हणून सरकारकडून एक रुपया मिळालेला नाही. 'लाडकी बहीण'चे दीड हजार काहींना मिळतात, पण ते बाई म्हणून. ती रात्री तीनदा उठते याच्याशी त्या पैशांचा संबंध नाही.

वस्तीत काम करणाऱ्या तरुणांना उपयोगी पडेल म्हणून दोन-तीन गोष्टी. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ आहे. त्याखालच्या 'निरामय' आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो आणि त्यात थेरपीही धरली जाते. मस्क्युलर डिस्ट्रॉफीवाली मुलं मात्र एरवी यात बसत नाहीत, म्हणून नोंदणीआधी प्रमाणपत्र नीट वाचावं. 'मी मेल्यावर याचं कोण करेल' हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. मूल अठरा वर्षांचं झाल्यावर याच कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडून पालकत्वाचा दाखला घेता येतो, तो आई हयात असताना घ्यावा. समग्र शिक्षा अभियानात शाळेत जाण्यासाठी प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ता आहे, मुख्याध्यापकांना तो विचारावा लागतो. आणि आई रडत नसली, नुसती गप्प झाली असली तरी लक्ष द्यावं. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. फोन लावून द्यावा आणि थोडं बाहेर जाऊन उभं राहावं.

ग्रामपंचायती, नगरपालिका, महापालिका यांनी स्वनिधीतला पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. बहुतेक ठिकाणी मार्च महिन्यात तो खुर्च्या, सायकली आणि फोटो यांत संपतो. त्यातून वस्तीजवळ आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट बसवता येतो. आपले जे नगरसेवक, सरपंच, सदस्य आहेत त्यांच्याकडे हीच एक मागणी लेखी द्यावी असं माझं मत आहे. तीनचाकी सायकल वाटणं सोपं असतं. चिंचोळ्या बोळात ती वळत नाही, हे वाटणाऱ्याला माहीत नसतं.

आम्ही आमच्याकडे एक छोटा प्रयोग केला. रविवारी वंदना झाल्यावर विहाराची खालची खोली दोन तास अशा मुलांसाठी ठेवली. महिला मंडळाच्या तिघी आणि कॉलेजची चार मुलं थांबतात. कसं उचलायचं, कसं बसवायचं, काय भरवायचं नाही, हे आयांनीच त्यांना शिकवलं. पहिल्या रविवारी चार आया आल्या आणि मुलं आत सोडून दोन्ही तास बाहेर पायऱ्यांवर बसून राहिल्या. कुठे जायचं हेच त्यांना सुचेना. दुसऱ्या रविवारी एक जण सात महिन्यांपासून दुखणारी दाढ काढून आली. एक घरी जाऊन झोपली आणि वेळेवर उठलीच नाही, तिला बोलवायला पोरगा पाठवावा लागला.

मुख्य सभागृह वर आहे, अकरा पायऱ्या. भीमजयंतीच्या बैठकीत रॅम्पचा विषय मी दोनदा मांडला. पहिल्यांदा डीजेचा हिशेब लांबला, दुसऱ्यांदा जागा पुरणार नाही असं ठरलं. महापालिकेकडे पाच टक्के निधीतून रॅम्पसाठी अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. तोवर तीन पोरं खुर्ची धरून मुलाला वर नेतात, आणि त्याची आई बारा वर्षांत पहिल्यांदा रिकाम्या हातांनी पायऱ्या चढते.